काळे बूट, नाडीचे, आठ नंबर

दुकानातल्या वरून दुसऱ्या फळीवर, जिथे गेली अकरा वर्षं तो खोका असायचा, तिथे धुळीत एक स्वच्छ चौकोन होता आणि चौकोनात काहीच नव्हतं. भाववाल्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि पुन्हा लावला. चौकोन जागेवरच होता. महिन्याची बारा तारीख, सकाळचे सव्वाअकरा, दुकान तेच, दुकानदार तोच, भिंतीवर पावणेपाचला थांबलेलं घड्याळही तेच. फक्त बूट नव्हते. जिना उतरताना अजून एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि खाली सपाट जमीन लागावी, तसं काहीसं त्यांना झालं.

भाववाले हे काही त्यांचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. सरकारच्या आकडेवारी खात्यात ते बावीस वर्षं नोकरीला होते आणि त्यांचं काम एवढंच, की दर महिन्याला ठरलेल्या तारखेला ठरलेल्या दुकानात जायचं, ठरलेल्या वस्तूचा भाव विचारायचा आणि तक्त्यात भरायचा. विकत काही घ्यायचं नाही. त्यामुळे भाव विचारून रिकाम्या हाताने परतणारा माणूस म्हणून साऱ्या बाजारपेठेत त्यांची ख्याती होती, आणि ‘भाववाले आले’ म्हटलं की बाकीचे दुकानदार मानसुद्धा वर करत नसत. बूटवाला तेवढा उठायचा. खुर्ची पुढे करायचा, पाण्याचा ग्लास ठेवायचा, शिडी लावून खोका खाली काढायचा. तक्त्यातली सदतिसावी ओळ त्याच्या दुकानाची होती: पुरुषांचे बूट, चामड्याचे, काळे, नाडीचे, आठ नंबर. नियमाप्रमाणे दर वेळी त्याच दुकानातली, त्याच दर्जाची, तीच वस्तू हवी. नाहीतर भाव वाढला की माल बदलला, हे कळणार कसं? भाववाले नियमाला इतके पक्के, की पहिल्याच वर्षी त्यांनी डाव्या बुटाच्या नाडीखालच्या जिभेवर, आतल्या बाजूने, शाईची एक बारीक फुली मारून ठेवली होती. दर महिन्याला ते फुली बघायचे, टाच अंगठ्याने दाबायचे आणि ‘दर्जा पूर्वीप्रमाणेच’ असं लिहायचे. अकरा वर्षांत दर्जात तसूभर फरक न पडलेली ही देशातली एकमेव वस्तू असावी, याचा त्यांना अभिमानही होता. तोच जोड अकरा वर्षं फळीवर आहे म्हणजे तो कुणी घेत नाही, आणि जी वस्तू कुणी घेतच नाही तिला भाव कसला, हा विचार त्यांच्या डोक्याला कधी शिवला नव्हता. तो आत्ता, त्या रिकाम्या चौकोनाकडे बघताना शिवला.

“बूट कुठे गेले?” त्यांनी विचारलं.

“विकले,” बूटवाला म्हणाला. आजही त्याने खुर्ची पुढे केली होती, पण नजर देत नव्हता.

“विकले म्हणजे?”

“विकले म्हणजे विकले. दुकान आहे साहेब हे.”

“पण अकरा वर्षांत...”

“तेच म्हणतो मी. सुटलो एकदाचा. लोक सगळे स्पोर्ट शूज मागतात आणि मी तुमच्यासाठी महिन्यातून एकदा शिडी चढतो. गुडघे बघा माझे.” त्याने गुडघे दाखवले नाहीत, पण हात तिकडे नेला.

“कितीला विकले?”

बूटवाल्याने ग्लास थोडा डावीकडे सरकवला, मग उजवीकडे. “लिहा की तुम्ही. अठराशे चाळीस. गेल्या महिन्याचाच.”

“मी विचारलेला भाव नाही म्हणत. गिऱ्हाइकाने मोजले किती?”

“ते तेवढं नका विचारू.”

“पावती?”

“फाडली नाही. गिऱ्हाईक म्हणालं, भाववाल्यांना सांगू नका.” बोलून गेल्यावर बूटवाल्याने जीभ चावली आणि पायातल्या चपला नीट करण्याचं सोंग करत खाली वाकला.

भाववाल्यांनी तक्ता मिटला. म्हणजे गिऱ्हाइकाला माहीत होतं. या शहरात कुणीतरी असा होता ज्याला ठाऊक होतं, की अमुक गल्लीतल्या अमुक दुकानातल्या दुसऱ्या फळीवरचा जोड सरकारी तक्त्यात आहे, आणि त्याने तो नेमका आकडा ठरायच्या तोंडावर उचलला होता. त्यांच्या डोळ्यांपुढे टाय लावलेले, काचेच्या केबिनीतले, पडद्यावर हिरव्या-लाल रेषा बघणारे लोक आले. आज आठ नंबरचे बूट, उद्या चाळीस वॉटचा बल्ब, परवा साबणाची वडी. असे एकेक करत त्यांच्या बेचाळीसच्या बेचाळीस वस्तू उचलून नेल्या तर देशाची महागाई कशी मोजायची? त्यांनी पाणी एका दमात संपवलं. मग काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, “बरं, मागचे पाच महिने भाव हलला का नव्हता? सगळ्या बाजारात आग लागलीय, आणि तुमचे बूट तेवढे थंड?”

“त्याचं काय आहे,” बूटवाला म्हणाला आणि जरासा लाजला, “भाव वाढवून सांगितला की तुमचा चेहरा उतरायचा. आता तसंही कुणी घेत नाही, म्हटलं उगाच कशाला तुम्हाला त्रास? तुम्हीही महागाईने पिचलेले दिसता. म्हणून ठेवला तिथल्या तिथे.”

भाववाले उठले. तक्ता पिशवीत घालून रस्त्यावर आले. ऊन लागत होतं, पण ते दुकानांच्या सावलीतून न चालता सरळ मधून चालत राहिले, मागून कुणीतरी हॉर्न वाजवला तेव्हा कुठे बाजूला झाले. चेहरा उतरायचा. म्हणजे भाव थांबला होता तो मालाची आवक वाढली म्हणून नाही, मागणी घटली म्हणून नाही, देशाच्या मोठ्या बँकेने व्याज वाढवलं म्हणून तर मुळीच नाही; बूटवाल्याला त्यांची दया आली म्हणून. आणि त्या थांबलेल्या भावाने त्यांच्या घरात जे केलं होतं, ते त्यांना या उन्हात लख्ख आठवलं.

तीन महिन्यांपूर्वीचा रविवार. जेवणं नुकतीच झालेली, बायको ताटं उचलत होती, आणि मेव्हणा खुर्ची उलटी करून तिच्या पाठीवर हनुवटी टेकून बसला होता. मेव्हण्याचं कॉलेजसमोर झेरॉक्सचं दुकान होतं. मशीन एक, पण चालवायचा तो रुबाबात. पोरांच्या नोट्स काढता काढता एका कानात बाजाराच्या बातम्या. महागाईचा आकडा बाहेर पडला की काय काय घडतं हे भाववाल्यांनाही टीव्हीवरून पाठ झालं होतं. आकडा चढला की मोठी बँक व्याज चढवते, व्याज चढलं की कारखानदार हात आखडता घेतो. त्यात तिकडे श्रीमंत देशांत व्याज वाढलं तर इथे आलेला बाहेरचा पैसा घाईतल्या पाहुण्यासारखा चहाही न घेता उठतो. तो उठला की आपल्यासारख्या अर्ध्या वाटेवरच्या देशाचं चलन घसरतं, चलन घसरलं की बाहेरून येणारं तेल महागतं, तेल महागलं की पुन्हा आकडा चढतो. आणि शेअरबाजार आधी आपटतो, मग कारण विचारतो. या एवढ्या मोठ्या रहाटगाडग्याच्या एका टोकाला आपला दाजी पिशवीत तक्ता घेऊन फिरतो, याचं मेव्हण्याला केवढं अप्रूप.

“दाजी, नुसतं वर की खाली, तेवढं सांगा. तोंडानं नको, बोटानं. मी बघितलंच नाही समजा.”

“अरे बाबा, मला माहीत नाही.”

आता इथे भाववाल्यांना स्वतःशी कबूल करावं लागलं, रस्त्याच्या मधोमध, मान खाली घालून: हे वाक्य ते हसून म्हणायचे. बावीस वर्षं, शेजारी विचारोत, बायकोच्या मावशा विचारोत, ‘मला माहीत नाही’ म्हणताना त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात एक हसू यायचं, सगळं माहीत असलेल्या माणसाचं. खरं तर त्यांना स्वतःच्या बेचाळीस वस्तूंपलीकडे ओ की ठो कळत नसे. शेकडो गावांतले शेकडो तक्ते मुख्य कचेरीत एकत्र होत आणि आकडा त्यांनाही जगाबरोबर टीव्हीवरच दिसे. पण माणसाला कुठेतरी भाव असावा असं वाटतंच. घरात त्यांना भाव होता तो या हसण्यामुळे. त्या रविवारी तर जेवण चांगलं झालं होतं, बायको कौतुकाने ऐकत होती, आणि भाववाले पुढे बोलून गेले, “एवढंच सांगतो, बूट काही दोन महिने हललेले नाहीत.”

बस. मेव्हण्याने खुर्ची सरळ केली. त्याच्या डोळ्यांत भाववाल्यांना दिसलं, की त्याने त्या वाक्याचा अर्थ लावला आहे, आणि भलताच मोठा लावला आहे. बूट थंड म्हणजे कापडचोपड थंड, कापडचोपड थंड म्हणजे महागाई निवतेय, महागाई निवली म्हणजे व्याज उतरणार, व्याज उतरलं म्हणजे बाजार उसळणार. त्याच आठवड्यात त्याने झेरॉक्सचं मशीन विकलं आणि सगळे पैसे बाजारात घातले. आकडा आला तो गेल्या चार वर्षांतला सगळ्यात चढा. तेल, बटाटे, घरभाडं, सगळं पेटलेलं. एकटे बूट थंड. बाहेरचा पैसा उठला तो उठलाच, आणि मेव्हण्याचे शेअर अशा भावाला आले की त्यात मशीनचं झाकणसुद्धा मिळालं नसतं.

तेव्हापासून मेव्हणा घरी आला नव्हता. फोनवर बहिणीशी बोलायचा, तेही दाजी घरात नसताना. बायको भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने एकदाच, कपड्यांच्या घड्या घालताना, वर न बघता म्हटलं होतं, “तुम्हाला माहीत होतं. सांगायचं नव्हतं तर गप्प बसायचं. उलटं कशाला सांगितलंत?” भाववाले म्हणाले, “अगं, मला खरंच माहीत नव्हतं.” आणि सवयीने त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात ते मेलं हसू आलं. बायकोने ते पाहिलं, हातातला टॉवेल तसाच टाकला आणि आत गेली. त्या हसण्याला आपण आयुष्यभर काय म्हणून पोसलं, या विचाराने आत्ता रस्त्यावर त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की एका पानाच्या टपरीच्या आरशात स्वतःचं तोंड दिसताच त्यांनी मान फिरवली.

कचेरीत मोठे साहेब डबा खात होते. भाववाल्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं: चौकोन, गिऱ्हाईक, पावती नसणं, टायवाल्यांचा संशय. साहेबांनी घास संपवला.

“तुमच्या बुटांचं आकड्यात वजन किती आहे, ठाऊक आहे?”

“किती?”

“दहा हजारांत दोन. ते बूट सोन्याचे झाले तरी आकड्याला पत्ता लागायचा नाही. कुणाला वेड लागलंय तुमचे बूट पळवायला?”

“पण साहेब, माणूस त्याच्यावरून घर मांडतो... म्हणजे मोडतो.”

“काय?”

“काही नाही.”

“लिहा ‘वस्तू उपलब्ध नाही’. पुढच्या महिन्यापासून स्पोर्ट शूज.”

“पण ती विकली गेली साहेब. कुणीतरी दिलेला खरा भाव आहे तिला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच आहे.”

साहेबांनी त्यांच्याकडे जरा काळजीने बघितलं आणि उद्या दुपारपर्यंत वेळ दिला. भाववाले टेबलापाशी येऊन बसले. सदतिसावी ओळ मोकळी होती. दहा हजारांत दोन! त्यांना सुटल्यासारखंही वाटलं आणि अपमान झाल्यासारखंही. कोपऱ्यातल्या टीव्हीवर एक टायवाला सांगत होता, की येत्या आकड्याकडे बाजाराचं लक्ष आहे, ग्राहक खर्चाला हात आखडतो आहे, त्याच्या मनाचा कल ओळखायला हवा. भाववाल्यांना त्या टायवाल्याला बूटवाल्याच्या दुकानात न्यावंसं वाटलं. खुर्चीवर बसवावं, पाणी द्यावं, आणि म्हणावं, हा घ्या मनाचा कल. याला माझा चेहरा उतरलेला बघवत नव्हता. मग त्यांना वाटलं, बाकीच्या एकेचाळीस ओळींचं काय? साबणवाला, बल्बवाला, न्हावी. त्या सगळ्यांनी कुणाकुणाचे चेहरे बघून भाव सांगितले असतील? आणि देशभरातले शेकडो भाववाले? ते सगळे असेच पडल्या तोंडाने फिरत असतील, तर महागाई आहे त्यापेक्षा कमीच दिसत असणार. हा विचार इतका भयंकर होता, की त्यांनी तो तिथेच सोडला आणि पेनाचं टोपण लावून टाकलं.

संध्याकाळी ते घराचे तीन जिने चढले. दारापुढच्या पायपुसण्यावर एक काळ्या बुटांचा जोड होता. चामड्याचे, नाडीचे. भाववाल्यांनी आधी फक्त बघितलं, मग नंबर बघायला वाकले, मग पिशवी बाजूला ठेवून चक्क खालीच बसले. डाव्या बुटाची नाडी सैल करून जीभ बाहेर ओढली. फुली होती. अकरा वर्षांची, थोडी निळसर, त्यांच्याच हातची. उजव्या बुटाचा तळवा मात्र पुढून सुटला होता आणि आ वासून त्यांच्याकडे बघत होता. आतून बायकोच्या हसण्याचा आवाज आला. तीन महिन्यांनी. आणि पाठोपाठ मेव्हण्याचा: “अगं, भर चौकात! मी पुढे गेलो आणि तळवा मागे!”

भाववाले बूट हातात घेऊन आत गेले. मेव्हणा उठून उभा राहिला. मेव्हणा वाळला होता. अंगात इस्त्रीचा निळा शर्ट, खिशावर कुठल्यातरी कंपनीचा बिल्ला, पायात नुसते मोजे, आणि उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक.

“नोकरी लागली दाजी,” तो म्हणाला. “पाणी गाळायची मशीनं विकायची. घरोघर. काळे नाडीचे बूट सक्तीचे आहेत. मला तुमच्या बूटवाल्याशिवाय दुसरं दुकानच आठवेना. आणि खरं सांगू? म्हटलं, एकदा बघावं तरी, ज्यांच्यापायी बुडालो ते बूट दिसतात कसे.”

“कितीला दिले त्याने?” भाववाल्यांनी विचारलं. एवढ्या दिवसांनी आलेल्या माणसाला आधी हे विचारावं का, असं बायकोच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं. पण त्यांना राहवेना.

“तेच तर. अठराशे चाळीस म्हणाला. मी म्हटलं, तीन महिन्यांपूर्वीही दोन महिने हलला नव्हता, अजून तोच का? तर चमकला. म्हणाला, तुम्हाला कसं माहीत? मग सांगावं लागलं, भाववाल्यांचा मेव्हणा. झालं! पैसेच घेईना. म्हणाला, अकरा वर्षं दर महिन्याला न चुकता माझ्याकडे येणारं दुसरं आहे कोण? पोरगासुद्धा येत नाही. घेऊन जा. मीच म्हटलं, दाजींना सांगू नका, लाज वाटते. हप्त्याने देऊन टाकीन म्हटलं, तर अंगावर आला.”

“म्हणजे फुकट?” भाववाले खुर्चीत बसले. “मग सदतिसाव्या ओळीत मी काय लिहू?”

“शून्य लिहा,” बायको म्हणाली.

“तक्ता शून्य घेत नाही.”

“मग उद्या जाऊन त्याला पैसे देऊन या. दिलेला भाव खरा म्हणता ना? म्हणजे खरा होईल.”

“या बुटांना?” भाववाल्यांनी सुटलेला तळवा वर केला. “या बुटांना अठराशे चाळीस कोण देईल?”

“तुम्ही,” बायको म्हणाली. “अकरा वर्षं तुम्हीच तर लिहिताय.”

मेव्हणा फिस्सकन हसला, आणि मग भाववाल्यांनाही हसू फुटलं. ते ओठांच्या कोपऱ्यातलं नव्हतं. पोटातून आलेलं, आवाजाचं, डोळ्यांत पाणी आणणारं होतं. हसता हसता त्यांनी ठरवून टाकलं, की उद्या सकाळीच जायचं, पैसे मोजायचे, पावती फाडून घ्यायची, आणि बूटवाल्याने नाही म्हटलं तर चेहरा पाडून बसायचं. त्याला तो बघवत नाही.

बायकोने कपाटातून डिंकाची ट्यूब काढली. सकाळी कामावर जायचं तर बूट आत्ताच चिकटवायला हवा होता. दोघे दाजी-मेव्हणे जमिनीवर जुना कागद पसरून समोरासमोर बसले. मेव्हण्याने डिंक लावला, भाववाल्यांनी तळवा जागेवर बसवला आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरला, जसा अकरा वर्षं दाबत आले होते तसा. मेव्हणा ट्यूबचं टोपण फिरवत राहिला, आणि मग, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल विचारावं तसा म्हणाला, “दाजी, शेवटचं विचारतो. या वेळी आकडा काय येणार?”

बायकोचा हात चहाच्या पातेल्यावर थांबला. भाववाल्यांना जाणवलं, की खोलीतल्या दोन माणसांचं सगळं लक्ष आपल्या ओठांच्या कोपऱ्याकडे आहे. त्यांना काही करावं लागलं नाही. तिथे काही आलंच नाही.

“मला माहीत नाही रे,” ते म्हणाले.

मेव्हण्याने त्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग हातातल्या बुटाकडे, मग पुन्हा तोंडाकडे.

“नाही माहीत,” तो हळूच म्हणाला. “ताई, अगं, यांना खरंच माहीत नाही. यांना कधीच काही माहीत नव्हतं!”

“हो,” भाववाले म्हणाले. मागे बायकोने चहात साखर टाकली, मग थांबून, त्यांच्या कपात आणखी अर्धा चमचा घातली. मेव्हणा बूट घ्यायला हात पुढे करत होता, पण भाववाल्यांनी सोडला नाही. डिंकाच्या ट्यूबवर पाच मिनिटं लिहिली होती आणि अजून दोन व्हायची होती.